सात जुनी मशिनं आणि संपलेलं विंडोज १०: गावच्या वाचनालयात लिनक्स टाकावं का?

पूर्णाकाठ · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अलीकडं आमचं गाव. गावात सार्वजनिक वाचनालय आहे आणि मागच्या हॉलमध्ये अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी चाळीसेक पोरं-पोरी रोज बसतात. एका भिंतीला सात कॉम्प्युटर आहेत. २०१९ मध्ये एका कॉलेजनं लॅब बदलली तेव्हा जुनी मशिनं आम्हाला दिली. चौथ्या पिढीचे आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. बटण दाबून चहा पिऊन आलं तरी डेस्कटॉप पुरता उघडलेला नसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, अकरा ह्याच्यावर चढत नाही, नवीनच घ्या. एका मशीनला पस्तीस हजार सांगितले. सातांचे दोन लाख पंचेचाळीस हजार. समितीच्या खात्यात बासष्ट हजार आहेत, आणि त्यातूनच वर्षभराचे पेपर, मासिकं, लाईट बिल भागवायचंय.

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, मामा, लिनक्स टाका, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम आहे. मी ते कधी वापरलेलं नाही. आमची कामं थोडीच आहेत: ऑनलाइन फॉर्म भरणं, फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवणं, पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चरं, मराठीत अर्ज टाइप करणं आणि प्रिंट. ह्यातलं काय चालेल, काय अडेल? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं. पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे.

उदगिरी · रविवार, रात्री ९:५२

टाका बिनधास्त. माझ्या लॅपटॉपवर सहा वर्षं झाली, काही अडलं नाही.

कर्नलपॅनिक · रविवार, रात्री १०:३१

मूळचा नांदेडचा, सध्या पुण्यात सर्व्हर सांभाळतो. काका, आधी एक गोष्ट सांगतो जी लिनक्सवाले सहसा सांगत नाहीत: तुमची मशिनं विंडोजमुळं हळू नाहीत, त्या फिरत्या डिस्कमुळं हळू आहेत. लिनक्स टाकलं आणि डिस्क तीच ठेवली तर फरक पडेल, पण तुमचा चहा होईलच. प्रत्येक मशीनला साधी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, पहिला खर्च तो. रॅम दुसरा खर्च. जुनी डीडीआर-थ्री रॅम वापरलेली मिळते, चारची आठ करा.

आता विंडोज ११ का चढत नाही ते. त्याला मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप (किंवा प्रोसेसरमध्येच तशी सोय) लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तुमचा चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या आसपासचा. मशीनमध्ये ताकद नाही असं नाही, ते यादीत बसत नाही एवढंच.

लिनक्सला अशी यादी नाही. तुमच्यासाठी लिनक्स मिंट हा त्यातला सोपा प्रकार, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दोन जीबी रॅम किमान, चार असेल तर बरं, अशी त्यांची अट आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. खाली डावीकडं मेनू, उजवीकडं घड्याळ आणि वायफायचं चिन्ह. पोरांना नवं असं काही वाटणार नाही.

आणि टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालू होते. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे अर्ध्या तासात कळतं. ही सोय विंडोज किंवा मॅक घेताना मिळत नाही.

हुरडापार्टी · रविवार, रात्री १०:४५

एक विचारू का? विंडोज १० बंद थोडंच पडलंय, चालायलंयच की. आमच्या घरी आजही तेच आहे. उगं कशाला धावपळ?

कर्नलपॅनिक · रविवार, रात्री १०:५८

@हुरडापार्टी, घरचं मशीन एकट्याचं असतं. वाचनालयात चाळीस पोरं येतात, प्रत्येकाच्या खिशात पेनड्राइव्ह, प्रत्येक जण आपला ईमेल आणि आधारची पीडीएफ उघडतो. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या मशीनवर हे करू देणं मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टनं जादा मुदतीचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, म्हणजे वर्षभर ढकलता येईल. पण पुढच्या वर्षी हाच प्रश्न परत येणार.

टायपिंगवाले_सर · सोमवार, सकाळी ७:१५

लातूरला माझी टायपिंगची संस्था आहे, बावीस वर्षं झाली. कुणाला वाईट वाटलं तरी मी उलटं सांगतो. पूर्णाकाठ सर, तुमच्याकडची पोरं हौस म्हणून कॉम्प्युटरवर बसत नाहीत, नोकरीसाठी बसतात. क्लार्कच्या जागेला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडं पोरं रेमिंग्टन कळपाटावर बोटं बसवतात, वर्डमध्ये पत्र आणि एक्सेलमध्ये तक्ता करतात, आणि रुजू झाल्यावर ऑफिसात त्यांच्यापुढं विंडोजच असतं. गरिबाच्या पोरानं वेगळ्या सिस्टिमवर सराव करायचा आणि श्रीमंताच्या पोरानं घरी त्याच सिस्टिमवर, हे मला बरोबर वाटत नाही.

लिनक्सला माझा विरोध नाही. पण फुकट आहे म्हणून पोरांवर प्रयोग करू नका, एवढंच म्हणणं आहे.

पेनगंगा · सोमवार, सकाळी ८:०२

सरांचा मुद्दा मोलाचा आहे, पण अर्धाच लागू पडतो असं मला वाटतं. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. घरी आणि शाळेतल्या दोन मशिनांवर चार वर्षांपासून उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, वापरते. मुलांना काय शिकवायचं असतं? फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, सेव्ह कुठं झालं, परिच्छेद कसा पाडायचा, तक्त्यात बेरजेचं सूत्र कसं लिहायचं. लिबरऑफिस ह्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये बेरीज शिकलेलं मूल एक्सेलमध्ये अडत नाही, मी बघितलंय. बटणं थोडी इकडंतिकडं असतात, दोन दिवसांत हात बसतो. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्सच आहे, तिथली पोरं नोकरीत मागं राहिली असं कुणी म्हणत नाही.

टायपिंगच्या परीक्षेचं मात्र सरांचं खरं आहे. जिथं बोटांची सवय मोजली जाते तिथं सराव त्याच सॉफ्टवेअरवर पाहिजे.

मराठीचं विचारलंत, तर तेवढ्यावर मी खात्रीनं बोलू शकते. मराठी उमटवायला काही विकत घ्यावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट कळपाट निवडायचा, किंवा आयबस आणि एम-सतरा-एन ही सॉफ्टवेअर टाकून उच्चाराप्रमाणं लिहायचं. इनस्क्रिप्ट विंडोजवर जे, तेच इथं. 'र' ज्या कळीवर, तिथंच शिफ्ट दाबला की 'ऱ'. 'दऱ्या' लिहायचं तर द, मग शिफ्टवाला ऱ, मग हलंत, मग य, मग काना. साधा 'र' वापरला तर 'दर्या' होतं आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो! वर्गात मुलांना हे एकदा करून दाखवलं की विसरत नाहीत.

गोदाकाठची · सोमवार, दुपारी १२:२०

ताई, 'दऱ्या'चं उदाहरण फार आवडलं. लग्नपत्रिकेत 'सुऱ्या' आणि 'सूर्या' ह्यावरून आमच्याकडं भांडणं झाली आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरला डिझाइनचं काम करते, मॅकवर. धाग्यात मॅकचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. देवनागरी मॅकवर फार देखणी दिसते, कोहिनूर देवनागरी सोबतच येतो, स्क्रीनचा रंग भरवशाचा असतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर मॅकवर आणि विंडोजवरच आहेत, लिनक्सवर नाहीत. माझं पोट त्यांच्यावर आहे, म्हणून माझ्यासाठी लिनक्सचा प्रश्न तिथंच संपतो. लिनक्सवरची गिम्प आणि इंकस्केप ही चित्रांची सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण छापखान्याला जी फाइल द्यायची ती त्यांच्या पद्धतीची लागते.

पण वाचनालयासाठी मॅक नको. २०२० पासून ॲपलनं स्वतःच्या एम मालिकेच्या चिप आणल्या. त्या वेगवान आहेत, वीज कमी खातात, पण रॅम बोर्डवरच पक्की असते. चारची आठ करण्याचा मार्गच नाही. आणि इंटेलवाल्या जुन्या मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती. म्हणजे चांगल्या अवस्थेतलं मशीन यादीतून बाहेर पडणं हे तिकडंही आहे.

सेतूवाला · सोमवार, दुपारी १:०५

माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, धाराशिव जिल्ह्यात. मी दोन वर्षांपूर्वी दोन्ही मशीनवर लिनक्स टाकलं होतं आणि आठ दिवसांत एकावर विंडोज परत आणलं. कारण सांगतो, म्हणजे तुम्हाला आधी कळेल.

अंगठ्याचं यंत्र. माझ्याकडं जे आहे त्याचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइडचंच होतं. दुसरं, डिजिटल सहीचं टोकन. टोकन लिनक्सला दिसलं, ड्रायव्हरही मिळाला, पण पोर्टलवर सही करणारं जे छोटं सॉफ्टवेअर लागतं ते चढेना. समोर बाई उभी, कडेवर लेकरू, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, आणि मी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, काहीतरी शोधायलोय. त्या दिवशी ठरवलं, लोकांच्या कामाचं मशीन एक वेगळंच ठेवायचं.

दुसऱ्या मशीनवर लिनक्स आजही आहे. फॉर्म, पीडीएफ, झेरॉक्सवाल्यांचे पेनड्राइव्ह, सगळं त्याच्यावर. तुमच्या यादीत अंगठा आणि टोकन नाही, मग अडायचं कारण नाही.

उदगिरी · सोमवार, दुपारी १:११

पेनड्राइव्हवरून आठवलं. तो शॉर्टकटवाला व्हायरस! सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. लिनक्सला लावला की खरे फोल्डर जिथल्या तिथं दिसतात.

सेतूवाला · सोमवार, दुपारी १:२६

बरोबर. तो व्हायरस खरे फोल्डर फक्त लपवतो. लपवल्याची खूण विंडोज मानतं, लिनक्स मानत नाही. माझ्याकडं एकदा एमएस्सीचा पोरगा रडवेला होऊन आला, प्रोजेक्ट गेला म्हणून. मी पेनड्राइव्ह लिनक्सला लावला, त्याचा फोल्डर उघडून दाखवला. शॉर्टकट पुसले, फोल्डर नव्या नावानं कॉपी करून दिला. पैसे घेतले नाहीत.

हुरडापार्टी · सोमवार, दुपारी ४:४०

रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोज ११ ची अट चुकवता येते की. माझ्या मित्रानं तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हवर टाकलंय, मस्त पळतंय.

कर्नलपॅनिक · सोमवार, सायंकाळी ६:१०

येतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. स्वतःच्या घरी करायला हरकत नाही. समितीनं ठराव करून सात मशिनांवर करावं असं ते नाही. लायसन्सचंही बघा. वाचनालय नोंदणीकृत आहे, अनुदान घेतं, हिशेब तपासला जातो. दुकानदारानं पाचशे रुपयांत 'ॲक्टिव्हेट' करून दिलेली कॉपी तिथं ठेवायची का? लिनक्समध्ये हा प्रश्नच येत नाही. त्याचा जीपीएल परवानाच सांगतो: वापरा, बघा, बदला, वाटा.

अंबाजोगाईकर · सोमवार, रात्री ८:३०

अवांतर होईल, पण लिहितो. २००८ साली मी अंबाजोगाईला कॉलेजात होतो. उबुंटूवाले तेव्हा जगात कुठंही सीडी फुकट पाठवायचे, टपालखर्चही त्यांचाच. मी अर्ज भरला आणि विसरून गेलो. महिन्या-दीड महिन्यानं पोस्टमन काका होस्टेलवर आले. परदेशी शिक्का असलेलं पाकीट, सही करून घ्या म्हणाले. अख्खी खोली गोळा झाली. आत उबुंटू ८.०४ ची सीडी. इंटरनेट कॅफेत एक गाणं उतरवायला अर्धा तास लागायचा तेव्हा, सातशे एमबी उतरवणं तर स्वप्नातही नव्हतं. कुणीतरी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, बीड जिल्ह्यातल्या एका पोराला न बघता हे पाठवलं, ह्याचं मला आजही नवल वाटतं. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. सीडी अजून आईनं कपाटात ठेवलीय.

मी आज जे काम करतो ते त्या पाकिटामुळं करतो. म्हणून वाचनालयात लिनक्स यावं असं मला मनापासून वाटतं. चाळिसातल्या एका पोराला जरी टर्मिनल उघडून बघावंसं वाटलं तरी ते त्याच्या जन्माचं काम होईल.

पूर्णाकाठ · सोमवार, रात्री ९:१५

अंबाजोगाईकर, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. सर्वांचे आभार. दोन शंका. एक, आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. इन्व्हर्टर आहे पण तो पंख्याला आणि दिव्याला, कॉम्प्युटरला नाही. मधेच लाईट गेली तर? दोन, प्रिंटर. जुना लेझर आहे, काळा-पांढरा, दणकट.

पेनगंगा · सोमवार, रात्री ९:४८

लाईटचं माझ्यावर बेतलंय. उन्हाळ्यात दुपारी अपडेट चालू असताना लाईट गेली. चालू केल्यावर लॉगिनपर्यंतच येईना. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते, अपडेटच्या आधीच्या स्थितीचा साठा करून ठेवणारी. तीच मी उबुंटूवरही टाकून ठेवलेली होती. पेनड्राइव्हवरून चालू करून त्यातून मागची स्थिती आणली, वीस मिनिटांत मशीन होतं तसं. तुम्ही पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा. आणि अपडेट लाईटचा भरवसा असलेल्या वेळीच, कधी करायचं ते आपल्या हातात असतं.

साधं काम चालू असताना लाईट गेली तर फाइलसिस्टिमचं सहसा काही होत नाही. ईएक्सटी-फोर ही लिनक्सची फाइलसिस्टिम आधी नोंदवहीत लिहिते, मग जागेवर लिहिते. पण न सेव्ह केलेला अर्ज जातोच.

कर्नलपॅनिक · सोमवार, रात्री १०:२०

प्रिंटरचं नाव इथं लिहू नका, पण मॉडेल नंबर घेऊन आधी शोधा. लिनक्समध्ये छपाई कप्स नावाच्या यंत्रणेतून चालते आणि नवीन, नेटवर्कवरचे प्रिंटर बहुतेक विना ड्रायव्हर चालतात. उलट आपल्याकडं सगळ्या ऑफिसांत दिसणारे काही जुने, छोटे लेझर फार तापदायक. ते स्वतः काहीच करत नाहीत, पान तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटरवर टाकतात, आणि त्याची भाषा कंपनीच्या ड्रायव्हरलाच येते. काहींना तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) पाठवावं लागतं. पेनड्राइव्हवरून बघताना एक पान छापूनच बघा, नुसता प्रिंटर दिसला म्हणून समाधान मानू नका.

खेळगडी · मंगळवार, सकाळी १०:०५

गेमचं कुणीच बोलेना! २०१८ ला व्हॉल्वनं प्रोटॉन ही सोय आणल्यापासून स्टीम ह्या त्यांच्या गेमच्या दुकानातले ढीगभर विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात. फक्त व्हॅलोरंटसारखे, ज्यांचं अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या गाभ्यात बसतं, ते चालत नाहीत.

टायपिंगवाले_सर · मंगळवार, सकाळी १०:३०

अभ्यासिकेत ते चालत नाहीत ही उलट चांगलीच गोष्ट.

गोदाकाठची · मंगळवार, दुपारी १२:१५

एक महत्त्वाची गोष्ट राहिली, फॉन्ट. पोरगं घरून विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये अर्ज करून आणतं. मंगल लिनक्ससोबत येत नाही, मग लिबरऑफिस दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं. अक्षरं नीट दिसतात पण रुंदी बदलते, आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडतो. सही दुसऱ्या पानावर! उपाय सोपा आहे: छापायची फाइल पीडीएफ करूनच आणायला सांगा. आणि वाचनालयात सगळीकडं मुक्तासारखा खुला फॉन्ट ठेवा, तो विंडोजवरही फुकट टाकता येतो.

जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइली असतील तर ती वेगळी गोष्ट. त्या युनिकोड नाहीतच. तो फॉन्ट मशीनवर टाकला तरच वाचता येतात, नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. हे विंडोजवरही तसंच.

नळदुर्ग_७९ · मंगळवार, दुपारी ३:३३

ज्यांना दोन्ही एकत्र ठेवायचंय त्यांच्यासाठी. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं जातं. मला आधी बॅटरीचा सेल गेला असं वाटलं, तीन सेल बदलले. खरी गोष्ट अशी की बोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ धरतं आणि लिनक्स ग्रीनिचची. फरक नेमका साडेपाच तास. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की मिटतं. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते पुरतं बंद होत नाही आणि त्याचे ड्राइव्ह लिनक्समधून नुसते वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

वाचनालयात मात्र एकाच मशीनवर दोन्ही ठेवू नका. पोरं गोंधळतात.

कर्नलपॅनिक · मंगळवार, रात्री ९:०५

काका, तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट मी पहिल्या प्रतिसादात लिहायला पाहिजे होती. मिंटच्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये पाहुण्याचं खातं चालू करता येतं. पोरगं आलं, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून बसलं, फॉर्म भरला, आधार, मार्कशीट, फोटो उतरवले, लॉगआउट केलं, की त्याचं सगळं पुसलं जातं. ब्राऊझरमधलं लॉगिनसुद्धा. आता तुमच्या मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये किती जणांचे आधार पडलेत, एकदा उघडून बघा.

पूर्णाकाठ · बुधवार, सकाळी ८:२०

बघितलं. चार नंबरच्या मशीनवर दोनशे बारा फाइली. आधार, जातीचे दाखले, एका मुलीचं बँक पासबुक. तिला मी ओळखतो. सगळं पुसून आलो. रात्री झोप लागली नाही.

टायपिंगवाले_सर · बुधवार, सकाळी ९:००

हे माझ्याही संस्थेत बघायला पाहिजे. कर्नल, धन्यवाद. माझं म्हणणं मी थोडं बदलतो. सर, पाच-सहा मशीनवर लिनक्स ठेवा, पण एक मशीन विंडोजचं, टायपिंगवाल्या पोरांसाठी, लायसन्स घेऊन. ते नवीन घ्या. रेमिंग्टनच्या सरावाचं काय लागेल ते मी येऊन बसवून देतो, लातूरहून जिंतूर काही लांब नाही.

पेनगंगा · बुधवार, सकाळी ९:२२

@टायपिंगवाले_सर, येताना कळवा, मीही येते. हिंगोलीहून मला जवळच आहे. फोटो-सही केबीत कशी बसवायची ते पोरांना दाखवते. गिम्पमधून जेपीईजी काढताना प्रिव्ह्यूची खूण केली की क्वालिटीची पट्टी सरकवत असतानाच फाइल किती केबीची होईल ते दिसतं. पन्नासच्या खाली आली की थांबायचं. फोटो अनोळखी साइटवर चढवून लहान करून घ्यायची गरज नाही.

हुरडापार्टी · बुधवार, सकाळी ९:४०

मग मी हुरडा घेऊन येतो. ज्वारी निसवली की सांगतो.

पूर्णाकाठ · सोमवार, रात्री १०:१०

बैठक झाली. दोन तास. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, फुकटातली गोष्ट टिकत नाही. मी त्यांना पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून दिलं आणि बाकी काही बोललो नाही. त्यांनी स्वतः वर्तमानपत्राची साइट उघडली, अर्धा तास वाचत बसले, नंतर विचारलं, ह्यातलं विंडोज कुठं आहे?

ठरलं असं. सहा मशिनांना एसएसडी आणि वाढीव रॅम, त्यांच्यावर मिंट, पाहुण्याचं खातं चालू. सातवं मशीन बाजूला काढून त्याच्या जागी एक नवीन, विंडोजसह, सरांच्या टायपिंगसाठी आणि प्रिंटरसाठी. हो, प्रिंटर पेनड्राइव्हवरून दिसला, पण पान कोरंच आलं, कर्नल म्हणाले तसंच. तो नव्या मशीनला जोडणार. एसएसडी आणि रॅमला सहा मशिनांचे सोळा हजार दोनशे, नवीन मशीनचे पस्तीस हजार, एकूण एक्कावन्न हजार दोनशे. खात्यात दहा हजार आठशे उरतात. पेपर-मासिकांचं तीन महिन्यांचं भागेल, पुढचं वर्गणी काढून बघू.

पहिल्या मशीनवर काल भाच्यानं मिंट टाकलं. चालू व्हायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं, एकोणीस सेकंद. इनस्क्रिप्ट लावलं आणि पहिला शब्द मीच टाइप केला: दऱ्या. बरोबर उमटला.

पेनगंगा ताई, एकच विचारायचं राहिलं. 'ॲ' कोणत्या कळीवर आहे? पोरांना 'ॲडमिट कार्ड' लिहायचंय.